पऱ्हाटीचा बोर्ड आणि खिल्लारे सर

प्राध्यापक यशवंतराव खिल्लारे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या महाविद्यालयात, अर्थशास्त्राच्या तासाला. मी आसेगावहून येऊन मावशीकडे राहत होते आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. सर वर्गात आले आणि त्यांनी हजेरी घेण्याआधी विचारले, "तुमच्या घरी कोणाकोणाची लग्नं झाली? आंदणात कपाट कशाचं होतं?"

वर्ग हसला. मग उत्तरे येऊ लागली. जुनी लग्ने सागवानाची, त्यानंतरची लोखंडी कपाटांची, नवी सगळी प्लायवूडची, नाहीतर भुशाच्या बोर्डाची. सरांनी सांगितले की चीन असो, ब्राझील असो की आपला देश, सामान्य माणसाच्या हाती पहिल्यांदा चार पैसे आले की तो घर बांधतो. घर झाले की त्याला पलंग हवा, कपाट हवे, मुलांना टेबल हवे. एवढ्या घरांना पुरेल इतके लाकूड कोणत्याच जंगलात नसते, म्हणून लाकडाचा चुरा, साली, फांद्या दाबून बोर्ड करतात. मोठ्या देशांची वाढ आणि बोर्डाचा बाजार हातात हात घालून चालतात, असे ते म्हणाले.

माझे वडील सुतार. आमच्या दारात बोर्डाची तयार कपाटे घेऊन टेम्पो फिरू लागल्यापासून त्यांचा रंधा आठवडाआठवडा पडून असे. मी उभी राहिले आणि घाबरत विचारले, "सर, मंग माया बाबानं काय कराव?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "याचं उत्तर आज माझ्यापाशी नाही." उत्तर ठाऊक नसल्याचे भर वर्गात सांगणारे शिक्षक मी तोवर पाहिले नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी सर बस बदलत आसेगावात आले, आमच्या ओसरीवर बसले. बाबांनी विचारले, "सर, पोरीनं काई चूक केली काय?" सर म्हणाले, "नाई मिस्तरी, तिनं इचारलेलं मले येत नव्हतं. म्हनून तुमच्याकडे आलो." वर्गात शुद्ध बोलणारे सर ओसरीवर आमच्यासारखे बोलले, याचेच माझ्या आईला अप्रूप वाटले. त्या दिवशी त्यांनी बाबांना दुरुस्तीला आलेले बोर्डाचे कपाट खोलून दाखवायला लावले. खिळा कुठे धरत नाही, पाण्याने कडा कुठे फुगतात, हे ते विद्यार्थ्यासारखे ऐकत राहिले. निघताना बाहेर शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली वाळकी झाडे, पेटवलेली दिसली. धुराकडे पाहत ते म्हणाले, "मिस्तरी, हे बी लाकूडच हाय ना?"

तिथून पुढची कितीतरी वर्षे सरांनी त्या एका प्रश्नाला दिली. कामरगावपासून मालेगावपर्यंत ते गावोगाव बसले, पऱ्हाटी जाळू नका, विका, असे लोकांना समजावले. निवृत्तीनंतर शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि मालेगावच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये पऱ्हाटीपासून बोर्ड करणारा छोटा कारखाना सुरू झाला. पऱ्हाटीची कुट्टी करायची, वाळवायची, त्यात डिंकासारखे रसायन कालवायचे आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायची. पहिला बोर्ड बाहेर आला तेव्हा तो एका कोपऱ्यात करपलेला होता. सरांनी त्यावरून हात फिरवला. बाबांनी त्याच बोर्डाचा बाक केला आणि तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला.

बाबा तिथे कापणीच्या करवतीवर लागले. कुट्टीच्या मशीनवर रुक्माबाई होत्या. शेजारच्या तांड्यावरच्या रुक्माबाई दरवर्षी दिवाळी झाली की मुलाबाळांसह ऊसतोडीला जात. त्या वर्षी त्या गेल्या नाहीत. त्यांची मुलगी पहिल्यांदा वर्षभर एकाच शाळेत बसली. सर शेडमध्ये कधी खुर्चीवर बसत नसत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या गोलात बसून स्वतःचा डबा उघडत. जात, तांडा, शिक्षण यांवर त्यांनी व्याख्याने दिलेली मला आठवत नाहीत. कोणाच्या डब्यातली भाजी कोणी घ्यायची हा प्रश्न त्या गोलात मात्र कधी उठला नाही.

पंचाहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात इथून पुढे यशाचा आलेख यावा, अशी रीत आहे. ती मला पाळता येत नाही.

देश वाढतच होता. शहरांत इमारती उठत होत्या, बोर्डाची मागणी वाढतच होती. सरांनी सांगितलेले सगळे खरे ठरले. पण त्या मागणीसाठी दूरच्या राज्यांत आणि बंदरांजवळ प्रचंड कारखाने उभे राहिले. त्यांचा बोर्ड गुळगुळीत, वर लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवलेला, आणि वाशीमच्या दुकानात येऊनही आमच्यापेक्षा स्वस्त. सर आमचा बोर्ड घेऊन दुकानादुकानांत गेले. मी सोबत होते. एक दुकानदार त्यांचाच विद्यार्थी होता. त्याने सरांना चहा पाजला, पायाही पडला. मग मान खाली घालून म्हणाला, "सर, तुमचा माल चांगला हाय. पन गिऱ्हाईक हात बी लावत नाई त्याले. मी ठेवू कुठी?"

सर त्याच्यावर रागावले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मी तुम्हाला वाढ शिकवली. ती कुठे थांबते आणि कोणाच्या गावावरून नुसतीच निघून जाते, ते शिकवायचं राहिलं." एवढे बोलून ते बोर्डाचा नमुना काखेत घेऊन बसस्टँडकडे चालू लागले.

कारखाना बंद झाला. बंद होण्याआधी सरांनी सगळ्यांना बोलावले. संचालकांपैकी काहींचे मत होते की 'तूर्त बंद' म्हणावे, माणसे खचणार नाहीत. सरांनी नकार दिला. रुक्माबाईंनी विचारले, "सर, मशीन पुना चालू होईन तवा आमाले फोन करसान ना?"

सरांचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "नाही चालू होणार, रुक्माबाई. वाट पाहू नका."

रुक्माबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मंग पोरीचं नाव शाळेतून काढाव लागते." त्या हंगामात त्या पुन्हा ऊसतोडीला गेल्या. ट्रक निघाला तेव्हा सर रस्त्याच्या कडेला उभे होते. मुलीने हात हलवला. सरांना हात वर करता आला नाही.

सत्य सांगणे हे सरांचे मूल्य आहे, असे व्यासपीठावरून म्हणायला सोपे जाते. त्याची किंमत कोण भरते, हे मी त्या दिवशी पाहिले. मुलीने भरली, कारण 'तूर्त बंद' म्हटले असते तर तिचे नाव आणखी काही महिने शाळेत राहिले असते; आणि सर आजही भरत आहेत.

प्रेस भंगारात गेली. त्या शेडमध्ये आता बाहेरून येणाऱ्या बोर्डाचे गोदाम आहे. माझे बाबा तिथेच कामाला आहेत. खोक्यातून आलेल्या तयार कपाटांचे तुकडे ते जोडतात, स्क्रू पिळतात. रंधा लागत नाही. मी आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. मोठ्या देशांची वाढ आणि लाकडी बोर्डाचा बाजार हा भाग आला की मी तो पुस्तकातून नुसता वाचून दाखवते.

या लेखाची परवानगी मागायला मी सरांच्या घरी गेले होते. गुडघ्याला पट्टा बांधून ते पलंगावर बसले होते. म्हणाले, "कशाचा गौरव करून राह्यल्या तुमी? जे टिकलं नाई त्याचा?" काकूंनी चहा आणला. सरांनी बाबांच्या पाठदुखीची चौकशी केली, रुक्माबाई कुठल्या साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर आहेत ते विचारले. ते मला ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते.

पंचाहत्तरीच्या या प्रसंगी सरांना दीर्घायुष्य लाभो, असे लिहिताना हात अडखळतो. त्यांच्यासाठी लांब आयुष्य म्हणजे दरवर्षी ऊसतोडीला माणसे भरून जाणारे ट्रक पुन्हा पुन्हा पाहणे. पुढे काही चांगले होईल, असे मला मनापासून वाटत नाही, आणि सरांनीच शिकवल्यामुळे मला तसे खोटे लिहिता येत नाही. तरीही मी त्यांच्यासाठी खूप वर्षे मागते, ती आमच्या स्वार्थासाठी. आमचे काय झाले आणि का झाले, हे आम्हाला तोंडावर सांगणारे दुसरे माणूस या भागात नाही.

सर, गुडघ्याचे औषध चुकवू नका. काकूंचे ऐका. आम्ही येत राहू. आणायला चांगली बातमी नसेल, पण येऊ.