शिंगांवरचा पंचा

त्या बाईंचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. साठ सालच्या आसपास जर्मनीत नेकारसुल्म गावच्या कारखान्यात काम शिकताना मी त्यांच्या हवेलीत भाड्याने राहत होतो. बाईंच्या आजोबांनी ती इंग्लंडमधल्या जमीनदाराच्या घरासारखी हुबेहूब बांधून घेतली होती. रविवारी पाहुणे आले की बाई काठीने एकेक वस्तू दाखवत. "हा ओकचा जिना. धुराडी सहा, आल्झो, म्हणजे, त्यातली दोन नुसती शोभेची." खोटं त्यांना खपत नसे.

एका रविवारी मी धुतलेला पंचा दिवाणखान्यातल्या हरणाच्या शिंगांवर वाळत टाकला. खाली शेकोटी होती आणि घरी आम्ही दिसेल त्या खुंटीवर टाकतोच. तेवढ्यात बाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या. आता खोली गेलीच, असं मी धरून चाललो. काठी शिंगांपाशी थांबली.

"ही शिंगं वडिलांच्या शिकारीची," बाई म्हणाल्या, "आणि हे कापड आमच्या पुण्याच्या इंजिनियरांचं."

काठी पुढे सरकली.

पुढच्या रविवारी मी शहाणपणाने पंचा खोलीतच वाळत टाकला. थोड्या वेळाने दारावर काठी वाजली.

"अहो, शिंगं रिकामी कशी? पाहुणे आलेत!"