तम्माच्या नावाचा ट्रस्ट

माझ्या धाकट्या भावाला सगळे तम्मा म्हणतात. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, म्हणजे हिशेबानं तो फक्त माझा तम्मा. पण दूधवाला, दवाखान्यातल्या नर्सबाई, खालच्या गाळ्यात कापडदुकान चालवणारा आमचा भाडेकरू, सगळ्यांचा तो तम्माच. वय चाळिशीच्या पुढं, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. शेंगा फोडायला बसला की टोपली संपल्याशिवाय उठत नाही, शर्ट पिवळाच लागतो, आणि अव्वा, म्हणजे आमची आई, जरा नजरेआड झाली की शोधायला निघतो.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न झाल्यापासून पुण्यात. सोलापुरात घरात अव्वा आणि तम्मा, दोघंच. गेल्या वर्षी अव्वाला छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी धावत आले. अव्वा बरी झाली, पण ती घरी येईपर्यंत तम्मानं नीट अन्न घेतलं नाही. मी भाकरी कुस्करून दिली, दूधभात दिला, रागावले, रडकुंडीला आले. तो जिन्यात बसून राहिला.

घरी आल्यावर अव्वा म्हणाली, "माज्यामागं ह्याचं कसं, ते आता कागदावर लिव. मला निवांत झोप लागू दे."

म्हणजे ट्रस्ट करायचा होता. घर, खालचा गाळा आणि बँकेतल्या ठेवी तम्मासाठी म्हणून बांधून ठेवायच्या, कारभार मी बघायचा, आणि त्यातून तम्माचं सगळं भागवायचं. इथपर्यंत आमचं एकमत होतं. भांडण लागलं ते कागद कुणाकडून करून घ्यायचा यावरून.

मी विमा कंपनीच्या ऑफिसात आयुष्य काढलंय. काम कसं, हातात घेतलं की हातावेगळं झालं पाहिजे. मी मोबाइलवर एक कंपनी शोधून ठेवली होती. माहिती भरा, ते ट्रस्टचा मसुदा तयार करून पाठवतात, मग आपण जाऊन नोंदणी करायची. अव्वाला मात्र वकील हवा होता, आणि तोही ठरलेला. मंद्रूपच्या शेताच्या वाटणीत अप्पांनी धरलेले, आता म्हातारे झालेले. त्या वाटणीच्या वेळी मी लहान होते, पण अप्पा कोर्टातून पुढची तारीख घेऊन घरी यायचे आणि चपला काढता काढता चिडायचे, ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी साफ नाही म्हटलं. कंपनी स्वस्त आहे, चोख आहे, आणि चहा पाजावा लागत नाही.

"तिला तोंड हाय का?" अव्वानं विचारलं. "न्हाय ना? मग मी सांगू कुणाला?"

मी म्हटलं, फोनवर बोलतात. आणि तिला न विचारता पैसे भरून टाकले. असा माझा स्वभाव आहे, आणि तो अव्वाकडूनच आलाय, त्यामुळे तिला फार बोलता येत नाही.

कंपनीतल्या मुलीचा फोन आला. हिंदीत, फार गोड बोलायची. एकेक प्रश्न समजावून विचारत होती. मालमत्ता, ठेवी, दवाखान्याचा दाखला. मग म्हणाली, कारभार तुम्ही बघणार, पण तुमच्यानंतर कोण? मी म्हटलं, ते नंतर बघू. ती म्हणाली, मॅडम, ती जागा रिकामी ठेवता येत नाही. मी मरणार आहे हे इतक्या अदबीनं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. राग आला, फोन ठेवला, भांडी घासली. पण प्रश्न बरोबर होता. अव्वानंतर तम्माचं काय, याचा घोर आम्ही सगळ्यांनी केला होता. माझ्यानंतर काय, हे ना अव्वा कधी बोलली होती ना मी. संध्याकाळी माझ्या मुलीला फोन लावला. ती बेंगळुरूला नोकरी करते. कसं विचारावं म्हणून मी आडून आडून बोलत राहिले, तशी तीच म्हणाली, "आई, माझं नाव घाल की. त्यात विचारायचं काय?" फोन ठेवल्यावर मी जरा रडले. पोरगी चांगली निघाली, आणि मला ते असं एका कंपनीच्या फॉर्ममुळं कळलं.

मसुदा आठवड्याभरात आला. देखणा होता. मी तो अव्वाला मराठीत सांगत वाचून दाखवला. तिनं मधे एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, चांगलं हाय, पण ह्यात तम्मा कुटंय? मी म्हटलं, अगं पानोपानी आहे, लाभार्थी म्हणून. ती म्हणाली, "त्यो लाभार्थी झाला. तुजा भाऊ कुटंय ह्यात?"

या बाईपुढं माझं काही चालणार नव्हतं. वकीलसाहेबांना निरोप गेला. अव्वाला जिने चढवत नाहीत म्हणून तेच घरी आले, हातात पिशवी, डोक्यावर टोपी. मी मनात म्हटलं, झालं, आता हे कंपनीच्या कागदाला नावं ठेवणार आणि पहिल्यापासून लिहायला घेणार. पण त्यांनी चष्मा लावून सगळा मसुदा वाचला आणि चांगलं काम आहे म्हणाले. मुलीच्या नावाचं कलम तर त्यांना फारच आवडलं. हे आपण विसरलो असतो, असंही म्हणाले. मला जरा बरं वाटलं.

मग कागद बाजूला ठेवून ते तम्माजवळ जाऊन बसले आणि कानडीत गप्पा मारायला लागले. मंद्रूपचा बाजार, म्हशी, हुरडा. तम्मा बोलायला लागला. बोलतच सुटला. हातवारे करून कसली तरी म्हैस कुठल्या तरी पाण्यात बसली होती ते सांगत होता आणि स्वतःच हसत होता. मला अर्धं कळत होतं. आमच्या घरी अप्पांनी मला मराठी शाळेत घातलं, घरातही माझ्याशी मराठीच बोलायचं ठरवलं, आणि पुण्यात गेल्यावर होती ती कानडीही गेली. तम्मा शाळेत गेलाच नाही. तो अव्वाच्या कानडीतच राहिला. माझ्याशी तो मान हलवून बोलायचा, हो किंवा नको. मला वाटायचं, तम्मा अबोल आहे.

वकीलसाहेबांनी मला विचारलं, "ताई, तुमी ह्याच्याशी कुटल्या भाषेत बोलता?"

मी म्हटलं, मराठीत, त्याला सगळं समजतं. ते म्हणाले, समजतं की, पण तो बोलतो का? मग त्यांनी अव्वाला विचारलं, घरात कानडी अजून कोण बोलतं? अव्वा म्हणाली, मीच. आता दुसरं कोण हाय.

त्यांनी पेन काढलं. तम्मासोबत राहून त्याला सांभाळायला जी बाई ठेवायची, तिला कानडी आली पाहिजे, असं एक कलम घालू म्हणाले. मी ऑफिसातल्यासारखी हरकत घेतली. असलं कलम कोर्टात कुणी बघेल का? ते शांतपणे म्हणाले, कोर्ट नाही बघणार. पण उद्या तुमची लेक बाई शोधायला लागली की तिला वाचून कळेल, कसली बाई शोधायची ते.

नोंदणीच्या आदल्या दिवशी ते परत आले. म्हणाले, सह्या करायच्या आधी हे तम्माला सांगायचं. कायद्यानं लागत नाही, पण ज्याचं आहे त्याला सांगायला नको का? तम्मा शेंगा फोडत बसला होता. ते समोर बसले आणि कानडीत, सावकाश, लहान लहान वाक्यांत सांगत गेले. हे घर तुझं. दुकानाचं भाडं येतं, त्यात तुझं जेवण, तुझं औषध, तुझे पिवळे शर्ट. पैसे अक्का बघेल. अक्का थकली की अक्काची मुलगी बघेल. एक बाई इथं राहायला येईल, ती भाकरी करून देईल.

तम्माचा हात थांबला. त्यानं वकीलसाहेबांकडं बघितलंच नाही. अव्वाकडं बघून विचारलं, "अव्वा यल्लि होंटाळ?"

अव्वा कुठं निघालीय?

हा कागद करायला आम्ही इतके महिने घेतले. कंपनीनं सगळं विचारलं, वकिलांनी सगळं विचारलं, मी तर दोघांशी भांडले. आणि अव्वा एक दिवस जाणार, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. अव्वा खोटं बोलत नाही, त्याच्याशी तर नाहीच.

"इन्ना होंटिल्ल, तम्मा," ती म्हणाली. अजून निघाले नाही.

तो ऐकत राहिला. अजून, म्हणजे निघणार आहे, हे त्याला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. मग त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "ना?" आणि मी?

उत्तर कागदात होतं. कानडी येणारी बाई, महिन्याचा पगार, दर वर्षी वाढ. मी ते सगळं पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, आणि कित्येक वर्षांत न बोललेल्या मोडक्या कानडीत निघालं. "नी नन्न जोडी इरती." तू माझ्यासोबत राहशील.

तम्मानं माझ्याकडं बघितलं. मग तळहात जमिनीवर टेकवला. "इल्ले?"

इथंच? पुण्यात माझं घर आहे, नवरा आहे, नोकरीची काही वर्षं उरलीत. नवऱ्याला मी विचारलंही नव्हतं. ते मग संध्याकाळी फोनवर सांगितलं, विचारलं नाही.

"इल्ले," मी म्हटलं.

तम्मानं पुढची शेंग उचलली. अव्वानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "बग हं पोरी. ह्यो इसरत न्हाय."

"माहितीय," मी म्हटलं, आणि वकीलसाहेबांना सांगितलं की त्या बाईच्या कलमात आधी माझं नाव लिहा.