डॉन तात्यांचा डबा

डॉन तात्या बोलायच्या आधी उजेडाकडे तोंड वळवत. जिन्यातला दिवा आपोआप विझला, की वाक्य अर्धवट टाकून आधी बटण दाबत. "अंधारातला चेहरा वाया जातो," हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. वडील स्पेनमधल्या मूकपटांतले नट, पुढे दिग्दर्शक. मुलगा जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात मोटारींना रंग देऊन निवृत्त झालेला, आमचा शेजारी. मार्क जाऊन युरो आला त्या वर्षी आम्ही तिथे राहायला गेलो. 'डॉन' त्यांचं होतं, म्हणजे स्पॅनिशमधलं 'श्रीयुत'; 'तात्या' आमच्या हिने जोडलं.

वडिलांची कारकीर्द ते थोडक्यात सांगत: "नट होते तोवर चूक दुसऱ्याची, दिग्दर्शक झाल्यावर सगळी त्यांची." कुणी अडखळलं, की हे गृहस्थ कॅमेऱ्यामागून म्हणत, "चूक माझी." युद्धात रिळं जळाली. उरलं एक, तात्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बटाट्यांशेजारी पत्र्याच्या डब्यात. पडद्यावर वडिलांचं नाव एकदा वाचायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती.

मी इंजिनिअर, त्यातून पुण्याचा. सल्ला द्यायला मला कुणी विचारायला लागत नाही. तळघरातली ओल पाहून म्हणालो, "अहो तात्या, आमच्याकडे पापडाचा डबासुद्धा असा ठेवत नाहीत." स्वतः डबा वर आणला आणि त्यांच्या खोलीत हायझुंगला, म्हणजे खोली तापवणाऱ्या हीटरला, टेकवून ठेवला. दोन हिवाळे तो तिथे शेकत होता, आणि मला माझंच कौतुक.

मग रीळ तपासायला चित्रपट-संग्रहालयातल्या बाई आल्या. झाकण उघडलं, तर आत तपकिरी भुकटी.

"ही जुनी फिल्म उष्णतेनं मरते," त्या म्हणाल्या. "म्हणजे केलरच्या गारव्यात कदाचित टिकली असती. वर कुणी आणली?"

तात्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"चूक माझी," ते म्हणाले.

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही, याची लाज अजून जात नाही. पुढच्या हिवाळ्यात इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. खिडकी पाठीमागे होती. मी बराच वेळ बसलो, पण ते वळले नाहीत. आठवड्याभरात गेले.

रिकामा डबा त्यांच्या मुलीने आणून दिला. "शेजाऱ्यांना द्या, असं पप्पा सांगून गेले," म्हणाली. तो मी आमच्या केलरमध्ये ठेवला आहे. तिथे ओल आहे, गंजेल, असं ही पावसाळी दिवसांत दर वेळी म्हणते. मी तो वर आणत नाही.