कल्ले उचलून बघणारी वहिनी

अख्ख्या बोईसरमध्ये पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारी बाई एकच होती, आणि ती नेमकी माझ्या समोरच्या दारात राहायला यावी, हे माझं नशीब! आमची माणसं कारखान्यात, आम्ही दोघी कॉलनीत. मी देशावरची, वहिनी समुद्रकाठच्या चिंचणीची. ऐंशीच्या सुमारास महिला मंडळाने दुपारचा इंग्रजीचा वर्ग काढला, तेव्हा दोघींनी एकदमच नाव घातलं. माझी शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे मी पाठांतराला अशी भिडले की विचारू नका. दर शनिवारी बाई उजळणी घ्यायच्या. सिमिली म्हणजे उपमा, थीम म्हणजे गाभा, मग क्लेम म्हणजे दावा, एव्हिडन्स म्हणजे पुरावा, काउंटर-आर्ग्युमेंट म्हणजे समोरच्याची बाजू. मी घडाघडा व्याख्या म्हणायची. "छान. आता उदाहरण?" बाईंनी असं विचारलं की माझी गाडी अडलीच! आणि मागून वहिनी बांगड्या सावरत, "बाई, मी सांगू?"

तिची उदाहरणं सगळी मासळीबाजारातली, कारण ती वर्गच बाजारात घेऊन जायची. मुरबे गावची कोळीण मावशी पाटीमागून ओरडली, "पापलेट ताजा हाय गो," की ही म्हणणार, "हा झाला तुजा क्लेम. एव्हिडन्स दाखव," आणि कल्ले उचलून बघणार. लाल असले तरच ताजा! मावशी वैतागायची. "कोळणीला पुरावा मागते? तुजं लगीन तरी पुरावा बघून केलंस काय?" "नाय ना, म्हणून तर आता बघते!" सगळा बाजार हसायचा. मीही हसायची, पण आतून नुसती जळायची. व्याख्या पाठ माझ्या, आणि कौतुक हिचं!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंनी इंग्रजीतून वादविवाद ठेवला. सासूबरोबर राहावं की वेगळं? बक्षीस म्हणून बाईंची स्वतःची डिक्शनरी. खरं सांगते, सोन्याची कधी अशी हाव सुटली नव्हती मला. वहिनी 'वेगळं'च्या बाजूने, मी समोर. आपलं बोलताना समोरच्याचीही बाजू मांडावी, असं बाईंनी शिकवलेलं. वहिनीने ती मांडली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण इतकी मन लावून, की मध्येच थांबली आणि वळून सासूकडे बघत राहिली. म्हातारी मागे नातवाला मांडीवर झोपवून बसली होती. "बाई, एव्हिडन्स तर तितं बसलाय," वहिनी म्हणाली, आणि स्वतःची खुर्ची उचलून थेट माझ्या शेजारी आणून ठेवली! बायका हसून लोळल्या. माझे सगळे मुद्दे हिने आधीच बोलून टाकलेले. मी उठले, 'थँक यू' म्हटलं आणि बसले. डिक्शनरी अर्थातच तिच्या दारात गेली.

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. तर एका सकाळी ही तिळगुळाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी. "ताई, तुमी रागावलात की तुमचे गाल पापलेटाच्या कल्ल्यांसारखे लाल होतात. सिमिली बरोबर हाय ना?" मग हळूच म्हणाली, "लाल हाय म्हंजे आपलं नातं ताजं हाय. मला पुरावा मिळाला."

पुढे तिचे यजमान रिटायर झाले आणि ती चिंचणीला परतली. डिक्शनरी घेऊन गेली हो, मला दिली नाही! आता बाजारात मी एकटीच कल्ले उचलून बघते, पण मावशीशी वाद घालायची जीभ माझ्याकडे नाही. परवा कळलं, वहिनी गावातल्या बायकांना इंग्रजी शिकवते आणि सगळं गाव तिला 'बाई' म्हणतं. ऐकलं मात्र, मी उठून आरशात गाल पाहिले.

अजून लालच.