पिदाद मावशीची पहिली पेंढी

कणसांच्या सणाला कॅथेड्रलच्या वेदीवर पहिली पेंढी जायची ती पिदाद मावशीच्या शेतातली. तिच्या सासूच्या सासूपासूनचा तो मान. जुनं कॅथेड्रल म्हणजे सगळ्या धर्मप्रांताचं मूळघर. बिशपांची गादी तिथेच. ते कणसांना आशीर्वाद द्यायचे आणि गावोगावच्या चर्चचे लोक त्यातली मूठभर आपापल्या वेदीसाठी न्यायचे. मावशी सत्तरीला टेकली होती, पण या पेंढीसाठी राखलेल्या शेताच्या कोपऱ्याची लावणी ती अजून दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

यंदा बिशपना परगावी जायचं होतं म्हणून सणाच्या समितीने सण दोन आठवडे अलीकडे घेतला. भात हिरवंच होतं. समितीचा आगुस्तीन मावशीला विचारायलासुद्धा आला नाही. आदल्या दिवशी ती वेदी झाडायला गेली, तर टोपलीत सोनेरी रंग फवारलेल्या पेंढ्या, सजावटवाल्याकडून आणलेल्या. तिने एक कणीस नखाने चिरडलं. नुसता कोंडा.

"आगुस्तीन, ह्येच्यात दाणो खंय आसा?"

"मावशे, लांबसून कोणाक कळतला? फोटोत बरा दिसता."

"बिशप आशीर्वाद फोटोक देतले काय रे?"

तो हसला. हिरवी कणसं वेदीवर शोभत नाहीत म्हणाला. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या साली रानडुकरांनी अर्धं शेत तुडवलं तरी ही पेंढी चुकली नव्हती. देवाचे आभार मानायचे आणि त्याच्या पुढ्यात फोल ठेवायचं? घरी पाहुण्याच्या पानात तरी कुणी असं वाढतं का?

सकाळी तिने हिरवीच पेंढी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पहिली एसटी धरली. आगुस्तीनने तिला कॅथेड्रलच्या दारातच अडवून पेंढी बाहेर ठेवायला सांगितलं. ती थांबली नाही. चिखलाच्या पायांनी मधल्या वाटेने सरळ बिशपांपुढे जाऊन उभी राहिली.

"पिकूक नाय बिशपसायबानू, पण ह्या वर्साची आसत."

बिशपनी एक दाणा चिरडला. अंगठ्यावर दूध आलं. त्यांनी सोनेरी टोपली वेदीवरून खाली उतरवायला लावली आणि तिची पेंढी तिथे ठेवून आशीर्वाद दिला.

त्या एका पेंढीत प्रत्येक गावाच्या वाट्याला दोनच कणसं आली. एवढ्यासाठी का इतक्या लांब यायचं, असं कुणीतरी पुटपुटलंच. मावशीचं डोकं पुन्हा तापलं. तेवढ्यात आगुस्तीन आला आणि पुढच्या वर्षीची तारीख कधीची धरायची म्हणून हळूच विचारू लागला.

"आदी शेतात येऊन बघ, मगे धर," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. दाराशी लोक त्या सोनेरी टोपलीसोबत फोटो काढत होते.