पोटाचा डाग

माझ्या पोटावर बेंबीच्या बाजूला डाग हायत. लहानपणी पोट फुगायचं म्हणून आईने बांगडीचा तुकडा दिव्यावर तापवून डाग दिलेन. आमच्या वयाच्या सगळ्यांच्याच पोटावर ते असतात. त्याचा मला राग नाय. आईला दुसरं औषध ठावं नव्हतं, नि देताना तीच जास्त रडत होती.

राग हाय तो दुसऱ्या डागाचा. म्हातारी झाले तरी तो काय जात नाय.

नवऱ्याची गिरणी बंद पडली, तो मुंबईहून गावी आला नि खचून खचून गेला. पदरात पोरं. रडत बसायला सवड कुठे होती? गावात बालवाडी निघाली तिथे मदतनीस म्हणून लागले. शाळेच्या पडवीत भरायची. शिकवायला रत्नागिरीहून बाई येत एस्टीने, लग्नाच्या वयाची पोरगीच ती. मी सकाळी घरोघर जाऊन पोरं बोलवून आणायची, सरकारी सुकडी वाटायची, कोणी घाण केली तर धुवायची. दुसरी शिकलेल्या बाईला आणखी काय देणार?

त्यात एक चार वर्षांची पोर होती. आई बाळंतपणात गेलेली, बाप मुंबईत हॉटेलात कामाला. पोर ऱ्हायची चुलत्या-चुलतीकडे. चुलता गावात मानाचा. शिमग्यात देवीच्या पालखीला पहिला खांदा त्याच्या घराचा.

एक दिवस ही पोर खाली बसेना. सुकडी पण उभ्यानेच खाल्लीन. मला वाटलं रुसलेय. मग तिला परकरातच झालं, म्हणून मागच्या बाजूला धुवायला नेली. परकर घट्ट धरून ठेवलान. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकूला सांगू नको हां, मी मुतले ते. ती काकाला सांगते."

परकर सोडवला नि बघितलं. मांडीच्या मागच्या बाजूला डाग. उलथण्याच्या पात्याएवढे. काही सुकलेले, एक ओला.

मी तिला काय विचारलं नाय. विचारायचं काय होतं? धुतली, माझ्या पोरीचा परकर घातला, नि सांगितलं की आज तू माझ्याजवळच उभी ऱ्हा. पोरं झोपल्यावर बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. बाईंनी हळूच बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

त्या म्हणाल्या, आधी घरी विचारून घेऊ, उगाच कोणावर आळ नको. मी म्हटलं, बाई, घरी नको. पण त्यांची रीत तशी. संध्याकाळच्या गाडीआधी गेल्या. चुलतीने चहा केलान, वर सांगितलंन की पोरीला मुडदूस झालाय, पोट फुगतं, अंगात जीव नाय, म्हणून डाग दिलाय. चुलता हसला म्हणे. तुम्हा शहरातल्या लोकांना आमची औषधं काय कळणार, म्हणालान. बाई तो चहा पिऊन परत आल्या.

दुसऱ्या दिवशी पोर आली नाय. दारात हाका मारल्या तर चुलती म्हणाली, ताप हाय. तिसऱ्या दिवशी पण ताप. बाई रडायला लागल्या, म्हणाल्या, माझ्यामुळे कोंडलंनी तिला. मी म्हटलं, रडू नका, डबा द्या.

आजारी पोराची सुकडी घरी पोचवायची हा आमचा रिवाज होताच. मी डबा घेऊन गेले नि चुलतीला म्हटलं, आजपासून समोर बसून भरवायचं, वरून हुकूम आलाय. साफ खोटं. पण सरकारचं नाव घेतलं की दार उघडतं. तशी मी रोज जाऊन ओटीवर बसायची नि पोरीला भरवायची. चुलती कुरकुरायची, पण घालवून द्यायची हिंमत झाली नाय. नवा डाग नाय ना, एवढं रोज बघून यायची.

इकडे बाई पोलीस पाटलाकडे गेल्या. मी पण मागे उभी. त्याने सगळं ऐकलंन, मग सदरा वर करून पोट दाखवलंन. "हे बघा, माझ्या पण आईने दिलाय डाग. तिला काय जेलात घालायची?" ओटीवरची माणसं हसली.

इथे माझं डोकं फिरतं. पोट दाखवलंन ना त्याने? मांडी का नाय दाखवलीन? म्हणजे ठावं होतं त्याला, डाग कुठे देतात ते. हसणाऱ्यांना ठावं होतं. विहिरीवरच्या बायकांना पण. कोणी अडाणी नव्हतं हो त्यात. डाग हा शब्द मिळाला नि सगळ्यांनी तो पांघरून घेतला. माझी शेजारीण पाणी भरताना मला म्हणाली, परक्याच्या घरात कशाला बघतेस, तुझ्या पोरांची लग्नं ह्याच गावात करायचीत. मी कळशी उचलली नि घरी आले.

पोरीचं आजोळ पूर्णगडकडे. तिकडची एक मासेवाली आमच्या वाडीत टोपली घेऊन यायची. तिला म्हटलं, पोरीच्या आजीला सांग, नातीला बघून जा, लवकर. बाकीचं तिला सांगितलं नाय. टोपलीबरोबर बातमी दारोदार गेली असती.

आजी सकाळच्या गाडीने आली, पिशवीत सुके बांगडे घेऊन. स्टॉपवरच तिला सगळं सांगितलं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतलीन नि चालायला लागली. बाई नि मी तिच्या मागे.

चुलतीने पाणी दिलंन, विहीणबाई बसा म्हणालीन, नि तेच पुन्हा सुरू केलंन. मुडदूस, पोट, डाग. आजीने पोरीला मांडीवर घेतलंन. पोर टेकली तशी ताठ झाली. आजीने परकर बाजूला करून बघितलंन, पुन्हा नीट केलान.

"पोटाचा डाग पोटावर देत नाय काय गो तुमच्यात?"

चुलता आतून आला. पोरगी आमच्या घराण्याची, कोणी नेऊ शकत नाय, म्हणाला. तेव्हा आमच्या बाई पुढे झाल्या.

"मग आपण सगळेच रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात जाऊ. तुम्ही पण चला. काय औषध दिलंय ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा."

तो आला नाय. आम्ही तिघी पोरीला घेऊन एस्टीत चढलो. आजी खिडकीकडे बसली, पोर तिच्या खांद्याला धरून उभी, सगळा रस्ता. डॉक्टरांनी बघितलं नि तिथूनच पोलिसांना कळवलं. पोर आजीकडे गेली ती परत आली नाय. तिकडेच वाढली, शाळेत गेली.

नि चुलत्याचं काय? बोलावलं, दम दिला, सोडला. गावात मला नाव पडलं, घर फोडणारी. काही घरांनी महिनाभर पोरं पाठवली नायत. मी तरी रोज दारात जाऊन हाक मारायची, मग पाठवायला लागली.

आता अंगणवाडीत नवी पोरगी आलेय, ती माझ्याकडे येऊन बसते. तिला सांगते. पोर काय सांगेल तेवढं ऐक, खोदू नको. घरात विचारायला आधी जाऊ नको, चहा पिऊन येशील नि मार पोराला बसेल. वर कळव, गावात कोणी ऐकलं नाय तर गावाबाहेर कळव. नि पोर आलं नाय तर दार सोडू नको.

पोर आजोळी गेली त्या साली शिमग्यात पालखी माझ्या अंगणात आली. पुढचा खांदा चुलत्याचाच. मी देवीची ओटी भरली. पालखी टेकली की खांदेकऱ्यांना पाणी द्यायचं असतं, तशी मी तांब्या घेऊन फिरले. ह्याला दिलं, त्याला दिलं. मग चुलत्याने हात पुढे केलान. सगळं गाव बघत होतं.

"उलथणं धरायचा हात ना हा?" म्हटलं, नि तांब्या पुढच्या माणसाला दिला.