मेश्राम मॅडमचं कुलूप

मेश्राम मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते दारव्ह्याच्या स्टँडवर. जीपच्या नंबरप्लेटकडे त्या टक लावून बघत होत्या. ४०८७. "एकसष्ट गुणिले सदुसष्ट," असं स्वतःशीच म्हणून मगच आत चढल्या.

आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम पुढे यवतमाळला आमच्या छोट्या संस्थेत मदतीला येऊ लागल्या. छळ झालेल्या मुलींचे जबाब आम्ही लिहून घ्यायचो आणि नागपूरच्या वकीलबाईंकडे पोचवायचो. ते मेलने पाठवायला मॅडमचा सक्त विरोध. पाकीट पिशवीच्या तळाशी घालून त्या स्वतः एसटीने जायच्या.

मेलला आता एन्क्रिप्शनचं पक्कं कुलूप लावता येतं, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी मला समोर बसवलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार यंत्र क्षणात करतं; पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधायला युगं लागतात. कुलूप उभं आहे ते या अवघडपणावर. "पण ते अवघडच हाये, हे कोणी सिद्ध केलं नाही. आजवर कोणाले जमलं नाही, एवढंच."

मग एका वसतिगृहातल्या सहा मुलींचं प्रकरण आलं. तक्रार कोणी केली, हे शोधत तिथल्या आरोपी अधीक्षकाची माणसं गावोगाव फिरत होती. सुनावणी तोंडावर आली आणि मॅडम दवाखान्यात. मी जबाब कुलूपबंद करून मेलने पाठवले.

दवाखान्यात जाऊन त्यांना तसं सांगितलं.

"पोरींचं वय काय?"

"सोळा-सतरा."

"म्हणजे अजून साठ वर्षं टिकाले पायजे ते कुलूप. आज फोडता नाही आलं, तरी नक्कल तं ठेवता येते."

आठवड्याने त्या गेल्या.

अधीक्षकाला शिक्षा झाली. नावं बाहेर आली नाहीत. मात्र निकालानंतर वकीलबाईंनी सांगितलं, की त्या दिवसांत कोणीतरी त्यांच्या मेलच्या सगळ्या टपालपेटीची नक्कल उतरवून नेली होती. आमचा मेलही त्यात होता, कुलपासकट.

अधीक्षक आता सुटून आलाय. असली कुलपं फोडू शकतील अशा नव्या यंत्रांच्या बातम्या पेपरात येतात, त्या मी दोनदा वाचते.

परवा कळंबहून त्या सहा मुलींतल्या एकीचा फोन आला. लेकीच्या बारशाचं आमंत्रण होतं. शेवटी आवाज उतरवून तिने विचारलं, "ताई, माहं नाव कोणाले कळणार तं नाही ना?"

मी "नाही" म्हणाले. मॅडमनी असं उत्तर दिलं नसतं.